बागेतली आई आणि मुलगा

सारंग,

निहारचा ताप पुन्हा चढलाय. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जातेय. फोनचं चार्जिंग संपलंय, म्हणून लिहून ठेवतेय. वरण-भात कुकरमध्ये आहे.

आज एक काम कर. बागेतला तो पुतळा मागच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेव. फायबरचा आहे, उचलवेल तुला.

दुकानदार ‘आई-मुलगा’ म्हणाला आणि तू हौसेने आणलास, माहितीये मला. आईंना वाटतं, मुलगा झोपलाय. "एवढा घोडा झाला तरी आईची मांडी सोडवत नाही," म्हणून हसतात, आणि नातवाला बरं वाटावं म्हणून रोज त्या बाईला हळदकुंकू लावून जास्वंद वाहतात.

मूळ पुतळा इटलीतला. आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होता. तो मुलगा झोपलेला नाही रे, गेलेला आहे. खिडकीतून सारखा तोच दिसतो, आणि तापात निहारही माझ्या मांडीवर अशीच मान टाकतो. मला आता बघवत नाही.

आईंना यातलं काही सांगू नकोस. रंग द्यायला काढलाय म्हण. आजचं फूल तेवढं फेकू नकोस, देवघरात ठेव. निहारसाठी वाहिलंय त्यांनी.

केतकी