अलकनंदाचं शेवटचं प्रकरण

तांबरम,
२३ जानेवारी २००७

प्रिय शेषाद्री,

हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. घरी पाठवलं असतं तर तू ते आधी अम्माच्या हातात दिलं असतंस आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला असतास, म्हणून ओरगडमच्या कारखान्यावर. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी दिवसभर पेरुंगुडीला बसून ‘हे बटण दाबा, मग ते बटण दाबा’ छापाची माहितीपुस्तकं लिहिते आणि त्या भाषेत मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही. तू देवनागरी शिकलास स्तोत्रांवर आणि हिंदीच्या परीक्षांवर, त्यामुळे तुला वेळ लागेल. लागू दे. कंपनीच्या बसमध्ये एरवी तरी तासभर काय करतोस?

शनिवारी तू मला दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. पोंगल झाला, तमिळ तै महिना लागला, स्थळं बघायला सुरुवात झाली, अम्मानं तंजावरची एक मुलगी पसंत केली आहे आणि दोन फेब्रुवारीला तुम्ही तिला बघायला जाणार आहात. ही पहिली. दुसरी, कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात ओतता ओतता विचारलंस, की माझ्या कादंबरीतल्या अलकनंदाचं पुढे काय होतं, शेवटचं प्रकरण कधी वाचायला देतेस? मी कपाळाला हात लावला. तुला वाटलं माझं डोकं दुखतंय. तू कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणून दिलीस, वर ‘काहीतरी खाऊन घे’ असंही बजावलंस. शेषाद्री, ती गोळी मी मांबलम स्टेशनवर टाकून दिली. डोकं मुळीच दुखत नव्हतं. मला तू हवा आहेस आणि तू तंजावरला निघाला आहेस, एवढंच दुखत होतं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण माझ्या बाजूचं तुला अर्धंसुद्धा ठाऊक नाही. २००३च्या जूनमधला तो रविवार आठव. तुम्ही मला बघायला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलात. बाबांची नागपूरहून इकडे बदली होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तंजावरची मराठी माणसं म्हटल्यावर बाबांना कोण आनंद! तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली असली म्हणून काय झालं, आपलीच माणसं, असं ते चार दिवस घोकत होते. तमिळ घरातलं स्थळ असतं तर आईनं शेजारी जाऊन दहा गोष्टी विचारल्या असत्या, काय करायचं, काय नाही करायचं. आपल्याच माणसांबद्दल काय विचारायचं? तुमच्याकडेही तेच झालं असणार. आईनं कांदेपोहे केले, आणि मान राखायचा म्हणून कांदा जरा जास्तच घातला. तुझी अम्मा आली होती ती आधी गोड शिरा आणि मग भजी समोर येतील या हिशेबानं. शुभकार्याला निघालेल्या, जन्मात कांदा न शिवलेल्या बाईंच्या पुढ्यात आम्ही कांद्याची बशी ठेवली, आणि गोडाचा पत्ता नाही!

अम्मानं बशी तशीच खाली ठेवली आणि पाणी मागितलं. मग मला गाणं म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, गाता येत नाही, माहितीपुस्तकं लिहिते. मी मान खाली घालून बसले होते, त्यामुळे मला बशा स्पष्ट दिसत होत्या. तू तुझी बशी संपवलीस. मग इकडे तिकडे बघत ती रिकामी बशी अम्माच्या पुढे सरकवलीस, तिची भरलेली स्वतःकडे ओढलीस आणि तीही खाल्लीस. माझ्या आईला भरलेली बशी परत न्यावी लागू नये म्हणून. ती आत जाऊन खुशीत बाबांना म्हणाली, बाईंना पोहे आवडले हो! आजतागायत तिला खरं काय ते माहीत नाही. मी मात्र त्या दुसऱ्या बशीपाशीच तुझ्यात अडकले. वय अठ्ठावीस, तोवर सात मुलं बघून झालेली, आणि अडकले ती पोहे चावणाऱ्या माणसात.

निघताना अम्मा म्हणाली, “घरास जाऊन कागद घालतों.” साऱ्या मद्रासला ठाऊक आहे की मुलाकडचे पत्र टाकतो म्हणाले की नकार समजायचा. माझ्या बाबांना ठाऊक नव्हतं. बाबा रेल्वेतले, समोरचा पत्र टाकतो म्हणाला तर पत्र येणारच, हा त्यांचा हिशेब. दीड महिना ते रोज पोस्टमनला गाठून विचारत होते. शेवटी त्यांनी पोस्टमास्तरांना रीतसर अर्ज दिला, की आमचं एक महत्त्वाचं टपाल गहाळ झालेलं आहे, कृपया शोध घ्यावा. शेजारच्या तमिळ मामींनी त्या अर्जाबद्दल ऐकलं आणि मग त्यांना हळूच समजावून सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, मग तसं तोंडावर सांगायचं ना. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी एकही स्थळ बघितलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. आता वाटू दे.

त्या वर्षाच्या शेवटी मी नारायणस्वामींच्या लायब्ररीतला गुलाबी इंग्रजी पुस्तकांचा आख्खा कप्पा संपवत आणला होता. सगळ्यांत तीच तिशीची नायिका. वजनाची चिंता, खडूस साहेब, दोनशे पानं चुकीच्या माणसामागे धावणं, आणि शेवटच्या दहा पानांत योग्य माणूस धापा टाकत येतो. मी त्या पुस्तकांना नावं ठेवायची आणि रात्रीच्या जेवणाआधी दोन प्रकरणं उरकायची. तिथं तू भेटलास, हातात अम्मासाठी साप्ताहिकांतल्या तमिळ मालिकांचे बांधीव गठ्ठे. कांद्याचा खुलासा तू त्या दिवशी मला इतक्या गंभीरपणे केलास की मी हसत सुटले आणि नारायणस्वामींनी आपल्याला बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. तेव्हापासून आपला शनिवार. माझं झालेलं पुस्तक तू न्यायचास, खाकी कव्हर घालून, म्हणजे बसमधल्या लोकांना ते यंत्रांचं वाटेल. आणि पुढच्या शनिवारी तुझ्या शंका. या बायका नेमक्या त्याच्याच समोर घसरून कशा पडतात? यांच्या आया कुठे असतात? आणि एकदा विचारलंस, हे सगळं लंडनमध्ये ठीक आहे, पण मांबलममध्ये एखादीला प्रेम शोधायचं असेल तर तिनं सुरुवात कुठून करायची?

मी दुसऱ्याच दिवशी वही आणली. अलकनंदा जन्मली ती तुझ्या त्या शंकेतून. एकोणतीस वर्षांची, पेरुंगुडीत नोकरी, शेअर ऑटोत मांडीवर परक्याचा डबा, दर महिन्याला कुणीतरी बघायला येणार आणि तो गेल्यावर तिनं उडवलेली त्याची खिल्ली. तू प्रत्येक प्रकरण वाचलंस आणि चुका काढल्यास. तुला तिचा तो नायक अजिबात आवडला नाही. अकराव्या प्रकरणानंतर म्हणालास, हा फारच मवाळ आहे, याच्याकडून काही व्हायचं नाही, हिला दुसरा कुणीतरी बघून दे. अरे शहाण्या, तो तूच आहेस. चष्मा तेवढा मी वाढवला.

आता बातमी. गेल्या मंगळवारी पुण्याहून प्रकाशकांचे संपादक त्र्यंबकराव यांचा फोन आला. कादंबरी त्यांना आवडली आहे, गुढीपाडव्याला काढायची म्हणतात. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, आणि पहिल्यांदा तुला सांगायचं ठरवलं होतं. शनिवारी त्याच तयारीनं आले होते, पण तू आधी बोललास. त्यांना पाठवलेलं शेवटचं प्रकरण तू वाचलेलं नाहीस. त्यात अलकनंदा मांबलम स्टेशनवर उभी असते, गाडी सुटायला आलेली असते आणि तो जिने उतरत धावत येतो. त्र्यंबकराव म्हणाले, वाचक खूश होतील.

शनिवारी घरी आल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि माझा मलाच संताप आला. दोनशे बारा पानं ही मुलगी बघितली जाते, ट्रे घेऊन येते, उत्तराची वाट बघते, आणि शेवटच्या पानावरही मी तिला वाट बघायलाच उभी केली! आणि धावत कोण येणार? जो अम्माला विचारल्याशिवाय चप्पल बदलत नाही, तो? धडधडीत खोटं लिहिलं होतं मी. ती पानं फाडली. काल त्र्यंबकरावांना फोन करून महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. ते काळजीनं म्हणाले, बाई, शेवट गोडच ठेवा हं. मी म्हटलं, गोड होईल की नाही ते माहीत नाही, पण खोटा होणार नाही.

पण नवीन प्रकरण काही सुचेना. अलकनंदा आता काय करेल? आमच्या कामात एक नियम आहे, जी पायरी आपण स्वतः करून बघितली नाही ती पुस्तकात लिहायची नाही. बटण खरंच दाबून बघायचं, पडद्यावर काय येतं ते बघायचं आणि मगच वाक्य लिहायचं. काल हे माझ्या ध्यानात आलं. मी जन्मात कुणाला लग्नाचं विचारलेलं नाही. तुला तर नाहीच. आडून आडून सुचवलं, तीन वेळा. दिवाळीच्या फराळाला घरी ये म्हटलं, नागपूरला चुलतभावाच्या लग्नाला चल म्हटलं, एकदा तर सरळ म्हटलं की असे किती शनिवार काढायचे? तिन्ही वेळा तुझं एकच उत्तर, अम्माला काय वाटेल. मी ते खरं मानलं. तुझ्यापेक्षा जास्त मीच त्या वाक्यामागे लपले, हेही कबूल करते. ती बाई मला नको म्हणाली आहे, तिच्यापुढे पुन्हा कसं जायचं, याची मला भीती होती. आणि भीती होती की खरं कारण अम्मा नसेलच. तुला मी आवडत असेन, पण फक्त शनिवारपुरती.

म्हणून आज सकाळी, तू कारखान्यात असताना, मी तुझ्या घरी फोन केला. अम्मालाच मागितलं. नाव सांगितलं, कांद्याबद्दल आईच्या वतीनं माफी मागितली आणि म्हटलं, मला तुमच्या मुलाशी लग्न करायचं आहे, तुमची ना नसेल तर आम्ही त्याला बघायला येतो. मग कनका अम्मा म्हणाल्या, “तीन वर्षं झालीं, शनवारीं उशीर करून येतो. मज कळत नाहीं म्हणून समजला काय? त्यानं तोंड उघडलं नाहीं, मीं कां विचारूं?” आणि नंतर, अगदी घरच्या सुरात, किती जणं येतां? मी म्हटलं, तिघं. तर म्हणाल्या, रविवारी साडेचाराच्या आत या, मग राहुकाळ लागतो. तेव्हा रविवारी, अठ्ठावीस तारखेला, मी आईबाबांना घेऊन तुला बघायला येतेय. हे पत्र त्यासाठी. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे तुला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये असं वाटलं. रविवारपर्यंत वेळ आहे, नीट विचार कर. नको असेन तर तसं समोर बसून सांग, मी ऐकून घेईन, घरी येईन आणि अलकनंदाचं प्रकरण तसं लिहीन. हवी असेन तर तेही तूच, तुझ्या तोंडानं सांगायचंस. अम्माला काय वाटेल हे कारण आता तुझ्याजवळ उरलेलं नाही. ते मी सकाळीच काढून घेतलं.

कुठल्याही उत्तरानंतर
तुझीच,
ऋचा