तळमजल्यावरची बदली

४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानावर आलं असेलच. आईच्या पोटात काही राहत नाही. मी वॉर्ड सोडला. इतकी वर्षं नर्स म्हणून राबले, आता तळमजल्यावर बसून पेशंटच्या फायली लावते. वर माणसं कमी आणि काम दुप्पट. शेवटी शेवटी कुणी बरं होऊन घरी निघालं तरी मला काहीच वाटेना. त्याचीच भीती वाटली, म्हणून बदली मागितली. आता पाठ दुखत नाही, झोप लागते. तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. शिवणाचं दुकान बंद केल्यावर तू कशी रमलीस, तेवढं कळव.

तुझीच,
चिमणी

१५ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रमले कुठली? शेजारणींचे धडधाकट ब्लाउज उसवून पुन्हा शिवत होते. तुझे काका म्हणायचे, हिला कापड आणून द्या, नाहीतर ही मलाच बेतेल.

दमलीस यात कमीपणा नाही. पण कामाला विटलीस की ओझ्याला, ते आधी बघ. वर एखादी चक्कर मार, कुणा एकापाशीच बस. साऱ्या जगाची आई होऊ नकोस.

जिवाला जप, आणि आमच्यावर जीव असू दे.
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तुझं ऐकलं. वॉर्डात एक बसड्रायव्हर आहेत, पक्षाघातानं वाचा गेलेले. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडमना विचारून जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून ‘पाणी’ हा शब्द घोकून घ्यायला लागले. कितीतरी दिवस नुसता घोगरा आवाज. चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग एक दिवस मी पेला पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला, माझ्या न उघडलेल्या डब्याकडे बोट दाखवलं आणि अगदी स्पष्ट सांगितलं, की जेव.

त्यांची बायको रडायला लागली. मीही. मावशी, खूप दिवसांनी मला काहीतरी वाटलं. डबा मात्र त्यांच्यासमोरच संपवावा लागला. दोघं मला हलू देईनात.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना सांगितलं, की परत येते, पण दोघींचं काम एकटी करणार नाही. त्यांनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, की जोडीला नवी नर्स देते, तू मात्र ये.

सोमवारी रुजू झाले. पहिल्याच दिवशी पाय सुजले. घरी येऊन ते गरम पाण्यात सोडले आणि आईला एकेका पेशंटची हकिगत सांगत बसले. शेवटी तीच म्हणाली, की बाई गं, उरलेले उद्या सांग, आता मला झोपू दे.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी चिमणी