सव्वासहाची गुणगुण

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वरदा येऊन गेली. मखमलाबादची मुलगी, घरची गुलाब-झेंडूची शेती. गिटार हिला ह्यांनी शिकवली. आता तिघांचा ग्रुप आहे, वाढदिवस, साखरपुडे, हळदी करतात. वाजवते आमच्या खोक्यावर. खोकं म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ह्यांचा अँप, मालेगावच्या एका कारागिराने लाकडी पेटाऱ्यात बांधून दिलेला, एकतीस वर्षांपूर्वी. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. खोकं अजून कार्यक्रमाला जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत माझ्याकडे येतं. तसं ठरलेलं आहे.

शनिवारी वणीला साखरपुड्यात ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. स्वरदा म्हणते, नवा घ्यायलाच हवा. ७ डिसेंबरला गंगापूर रोडला लॉन्सवर तिचं पहिलं मोठं लग्न आहे. पाचशे माणूस. नीट झालं तर सीझनभर कामं. तिथे आवाज गेला तर ग्रुप संपला, आणि वडील तिला फुलांच्या गाळ्यावर बसवणार. तसं त्यांनी सांगूनच ठेवलंय.

अट एवढीच, वीस हजारांच्या आत, आणि छोट्या हॉललाही चालावा, लॉन्सलाही.

मी म्हटलं, निवड माझ्यावर सोड, तुला एकटीला बघून फसवतील. आठ दिवसांत काम झालं समज.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयातून आवाजावरचं एक पुस्तक आणलं. शाळा सातवीपर्यंत, पण वाचायचं कुणी बंद केलं नव्हतं. वीस पानं झाली.

संध्याकाळी ह्यांची गिटार जोडून खोकं लावलं. सव्वासहाला गुणगुण सुरू झाली. रोज होते. गिटारच्या तारांवर हात ठेवला की थांबते, हात काढला की परत सुरू. हे ऑफिसातून सव्वासहालाच यायचे, चपला काढता काढता काहीतरी गुणगुणत. सव्वासहालाच नळाला पाणी येतं आणि खालच्या नवसाबाई मोटर लावतात, म्हणून वेळ पक्की लक्षात राहते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. वेळ लिहिली ती अभ्यासासाठी.

९ नोव्हेंबर, रविवार

आज घेऊनच यायचं असं ठरवून स्वरदा आणि मी मेन रोडच्या दुकानात गेलो. दुकानात गौरांग नावाचा मुलगा आहे, केस खांद्यापर्यंत, पण बोलायला नम्र. आधी दहा वॅटचा दाखवला. घरात सरावाला ठीक, हॉलमध्ये ढोलक सुरू झाला की ऐकू येणार नाही. हे स्वरदाच बोलली. मग वीसचा. मग चाळीसचा, बारा इंची स्पीकर, मागे एक जास्तीचं भोक. गौरांगने समजावलं, काकू, छोट्या हॉलला नुसता हा ठेवा. मोठ्या लॉन्सला ह्या भोकातून वायर काढून त्यांच्या मोठ्या साउंडला द्या, पाचशे काय पाच हजार माणूस ऐकेल. वजन बारा किलो. किंमत अठरा.

स्वरदाचा चेहरा उजळला. मी म्हटलं, थांब. गौरांगला सांगितलं, वाजवू नकोस, नुसता चालू ठेव. तिघं उभे राहून ऐकत होतो. काही नाही. तो खूश होऊन म्हणाला, बघा काकू, एकदम सायलेंट, टाचणी पडली तरी कळेल.

मी वहीत लिहिलं: दोष क्रमांक एक, चालू आहे की बंद हेच कळत नाही.

स्वरदा छताकडे बघत होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवीन माहिती. चाळीस वॅट म्हणजे वीसच्या दुप्पट आवाज नव्हे, थोडाच जास्त. स्वरदाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, काकू, हे मला सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

मला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांत विषय निघाला नसेल.

सव्वासहा. आज जरा मोठ्याने.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरं दुकान, नाशिकरोडला. तिथे एक होता त्यात म्हणे दोनशे तऱ्हांचे आवाज, समोर छोटा पडदा. माणसाला एक आवाज पुरतो. बाद. दुसरा शंभर वॅटचा, खाली चाकं, वजन बत्तीस किलो. मी स्वरदाला म्हटलं, आवाज छान आहे, पण माझे दोन जिने कसा चढवणार?

ती म्हणाली, तुमचे जिने कशाला? नवा आमच्या मळ्यावरच राहील ना, शेडमध्ये. तिथूनच टेंपोत टाकायचा. तुम्हाला उगाच किती वर्षं त्रास द्यायचा?

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये ती बरंच काही बोलत होती. मी अभ्यास वाढवायचा ठरवला. घाईत घेतलेली वस्तू लाभत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल इंदिरानगरला एका हॉलमध्ये वाढदिवस होता. खोकं नेलं होतं, ह्या वेळी खोकलं नाही. सकाळी स्वरदाचे वडील, चिमाजी, बाजारात फुलं टाकून टेंपोतून घेऊन आले. दोन जिने चढून दारात टेकवलं आणि धापा टाकत म्हणाले, वैनी, लय जड हाय वो हे. आत माणूस बसवलाय का काय?

मी चहा टाकला.

खोक्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. पिनेने काढल्या. कोपऱ्यात ठेवून वायर गुंडाळली, जशी हे गुंडाळायचे, कोपरापासून तळव्यापर्यंत. चिमाजी म्हणाले, पोरगी रडती घरी. तुम्ही कायतरी एक ठरवा. न्हाईतर मी ठरवतो, गाळा मोकळाच हाय.

येत्या रविवारी नक्की. ठरवलंच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुडघा दुखत होता. गेले नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्वरदाचा फोन. गौरांगचा चाळीसवाला शेवटचा एकच उरलाय, घेऊ का? मी म्हटलं, अजून तीन पुस्तकं बाकी आहेत, दोन इंग्रजी, डिक्शनरी घेऊन वाचावी लागतात. ती म्हणाली, काकू, सात तारखेला मी काय वाजवू? पुस्तकं?

सरांच्या तालमीत कधी असं उलट बोलली नव्हती. पण चुकीचंही बोलली नाही. तिला म्हटलं, दोन दिवस दे.

सव्वासहा. तारांवर हात ठेवला. थांबली. बराच वेळ हात काढला नाही. मग काढला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नवसाबाई वर आल्या. सरळ बोलणारी बाई, म्हणून मला आवडते. आज आवडली नाही. म्हणाल्या, उत्तराबाई, रोज तिन्हीसांजेला तुमच्या घरातून भाऊंचा आवाज येतो. मला फरशीतून कळतं. तुम्ही त्र्यंबकला जाऊन विधी करून घ्या, माझ्या माहेरचे गुरुजी आहेत, नीट करतात. त्यांना मोकळं करा.

मी म्हटलं, हे विजेचं काम आहे, भाऊंचा काही संबंध नाही.

म्हणाल्या, तुम्ही कशाला घाबरता मग वायरमनला बोलवायला?

मी घाबरते? लगेच त्यांच्यासमोर पुंजारामला फोन लावला. रविवारी येतो म्हणाला. एकदा त्याने सांगितलं की विजेचं आहे, की नवसाबाईंचं तोंड बंद.

३० नोव्हेंबर, रविवार

पुंजाराम आला. बोर्ड उघडून हसला. म्हणाला, काकू, अर्थिंगच नाय. बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेला. मागं वायरच नाय आली. आन् खालची मोटर तुमच्याच लाइनीवर. मोटर चालू झाली का पेटारा गुणगुणणारच. मानसानं तारेला हात लावला का मानूसच अर्थिंग होतो, म्हणून गप बसतो.

ह्यांनी तीस वर्षं वीज मंडळात बिलं लिहिली. घरातलं तिसरं भोक रिकामं. मी म्हटलं, त्यांचं काम ऑफिसातलं होतं.

फाटकाजवळ त्याने खड्डा केला. पट्टी पुरली, कोळसा टाकला. खडे मीठ मागितलं. लोणच्यासाठी ठेवलेली बरणी मीच दिली. वर बादलीभर पाणी ओतून हिरवी वायर बोर्डाला आणून जोडली. नवसाबाई सगळं बघायला उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, बघा. विज्ञान.

सव्वासहा. मोटर सुरू झाली. खोकं गप्प.

तारांवर हात ठेवला. काढला. काही नाही.

नवीन वायर आहे, रुळायला एखादा दिवस लागत असेल.

१ डिसेंबर, सोमवार

गप्प.

आज पाणी कमी दाबाने आलं होतं, त्यामुळे असेल.

२ डिसेंबर, मंगळवार

खाली जाऊन नवसाबाईंना मोटर जरा जास्त वेळ चालू ठेवायला सांगितली. त्या म्हणाल्या, टाकी भरली की! म्हटलं, तरी ठेवा, अभ्यास चालू आहे. टाकी भरून पाणी जिन्यावरून फाटकापर्यंत गेलं. माझ्याकडे बघून त्यांनी मोटर चालूच ठेवली, दहा मिनिटं. वर येऊन मी खोक्याला कान लावला.

लाकडाचा वास येतो. आणि झेंडूचा.

४ डिसेंबर, गुरुवार

स्वरदा आली. नवा अँप खांद्याला लटकवून दोन जिने चढून आली, मला दाखवायला. गौरांगचा चाळीसवाला. परवाच घेतला. म्हणाली, रागावू नका काकू, तुमची पुस्तकं संपली नसती. खोकं आता तुमच्याकडेच राहू द्या, त्यालाही आराम.

मी म्हटलं, मीही शेवटी हाच सुचवणार होते. वहीत तसं आहे. (वहीत नाही.)

तिने लावून दाखवला. सुंदर आवाज. वाजवायची थांबली तर घरात काहीच नव्हतं.

जाताना पाया पडली. म्हणाली, रविवारी या. तुम्ही समोर असलात की माझा सूर चुकत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आत्ताच घरी आले. लिहून ठेवते.

लॉन्सवर वीज गेली होती, जनरेटरवर सगळं. मी तिसऱ्या रांगेत. मुलाकडची मंडळी यायची होती. स्वरदाने नवा अँप चालू केला, मागच्या भोकातून वायर मोठ्या साउंडला दिलेली, गौरांगने सांगितलं तशी. तिने हात तारांवरून उचलला आणि गुणगुण सुरू झाली.

तीच. मोठ्या स्पीकरमधून, सगळ्या लॉन्सभर. हे चपला काढत आहेत आणि पाचशे खुर्च्यांना ऐकू येतंय.

साउंडवाला इकडून तिकडे पळत होता. स्वरदा तारांवर हात ठेवायची, थांबायचं, उचलला की परत. ती घामाघूम. मुलीचे मामा येऊन ओरडले, बंद करा ते, डीजे लावा! चिमाजी मांडवाच्या खांबाशी मान खाली घालून उभे. स्वरदाने माझ्याकडे पाहिलं.

मला काय झालंय ते पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मी उठले नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, मी ऐकत बसले होते.

दुसऱ्यांदा ती माझ्याकडे बघायला लागली तेव्हा उठले. साउंडवाल्याला म्हटलं, भाऊ, जनरेटरला अर्थिंग नाही. तो म्हणाला, मावशी, तुम्ही बसा. मी म्हटलं, सळई आहे का? चिमाजी टेंपोतून पहार घेऊन आले. जनरेटर बंद करायला लावला, पहार गवतात ठोकली, साउंडवाल्याने वायर बांधली. आचाऱ्याकडून मी मीठ मागून आणलं, फुलांवर मारायच्या पंपाने चिमाजींनी पाणी घातलं. मग जनरेटर परत सुरू.

थांबलं.

माझ्या हाताने दोनदा थांबलं. आठ दिवसांत.

स्वरदाने दीड तास वाजवलं. सूर चुकला नाही. मामा नंतर तिचा नंबर मागत होते. चिमाजी म्हणाले, वैनी, गाळा भाड्यानं देऊन टाकतो आता.

८ डिसेंबर, सोमवार

नवीन निश्चय: खोकं झाकून ठेवायचं, वर पुस्तकं ठेवता येतील. तीन परत करायची आहेत.

सव्वासहा. मोटर सुरू झाली. कापड काढून खोकं लावलं, नुसतं बघायला. गप्प.

पुंजारामला फोन केला. ती हिरवी वायर परत काढायला किती घेशील, विचारलं.

तो म्हणाला, काढायची? कशाला?

म्हटलं, अभ्यासासाठी.

तो म्हणाला, काकू, भाऊंच्या ऑफिसात मी बिलं भरायला यायचो ना, मला ठाऊक हाय ते कसे गुणगुणायचे. वायर नाय काढणार. शॉक लागंल.

बरोबर आहे त्याचं. फोन ठेवला.

टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहायला लागलं होतं. नवसाबाई मोटर बंद करेनात. माझ्यासाठीच चालू ठेवली असावी.

खिडकीतून हाक मारली, नवसाबाई, पुरे. बंद करा.