वरची चार बोटं

पिंप्राळा, जळगाव
४ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,

सविताचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. फोनवर तू माझं सगळं ऐकून घेतेस आणि शेवटी जेवलीस का एवढंच विचारतेस, म्हणून पत्र. अमीनचाचा वाचून दाखवतीलच.

आमचं ‘सूरपेटी’ मासिक गाण्याबजावण्याचं. आतला मजकूर चांगला असतो, पण स्टॉलवरून अंक जसेच्या तसे परत येतात. मालक हिलालनाना म्हणाले, लोक हातच लावत नाहीत म्हणजे दोष मुखपृष्ठाचा. ते काम आता माझ्याकडे दिलंय. सप्टेंबरचा अंक खपला तर मासिक चालेल, नाही तर कुलूप. बाबांनी बी.एड.चा फॉर्म भरूनच ठेवलाय, फक्त माझी सही बाकी आहे.

सोबत नमुना पाठवते. काळा कागद, कोपऱ्यात सतारीची सावली, बारीक चंदेरी अक्षरं. मैत्रिणी म्हणाल्या, फार तरल झालंय. तू शेंगांची टोपली घेऊन रोज एसटी स्टँडवर चाचांच्या मासिकांच्या स्टॉलशेजारीच बसतेस, तर लोक काय म्हणतात ते कळव.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सविता

शिंदखेडा
९ ऑगस्ट २०२५

चि. सविता हिस,

द्रौपदा आजीचा जयभीम व अ. उ. आ. तुझं पाकीट पोचलं. गुडघा होता तिथेच आहे. हे पत्र नेहमीप्रमाणे अमीन लिहितोय. मी सांगते त्यातलं निम्मं तो गाळतो असा माझा संशय आहे, पण मला अक्षर येत नाही म्हणून त्याचं फावतं. हे वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

तुझं चित्र मी बराच वेळ बघितलं. अंधारात कोणी पळी उभी करून ठेवलेली दिसली. म्हटलं, पोरीनं स्वयंपाकाचं मासिक काढलं वाटतं. मग अमीननं ते माझ्या हातात फिरवून सुलटं केलं, तर पळी टांगली गेली, एवढाच फरक. मी म्हटलं, हे तर बठ्ठं काळंच शे. तोही काही शहाणा नाही. पाकीट फोडलं तेव्हा त्यानं आवाज खाली आणून मला विचारलं होतं, की अक्का, कोण गेलं. त्याला ती पुण्यानुमोदनाची पत्रिका वाटली. आणि सतार, बाई, आपल्याकडे कोणाच्या लग्नात वाजली?

आता कामाचं. तू चित्र टेबलावर ठेवून काढतेस. अमीनकडे टेबल कुठलं? त्यानं दोरी बांधलीय आणि तिच्यावर मासिकं चिमट्यानं एकावर एक अडकवतो. प्रत्येकाची वरची चार बोटं तेवढी दिसतात, बाकीचं पुढच्याच्या पदराआड. तुझ्या वरच्या चार बोटांत आहे काय, तर अंधार. शिरपूरची गाडी लागली की माणूस त्या दोरीकडे किती वेळ बघतो माहितीय? मी दोन शेंगा सोलते तेवढा. तेवढ्यात त्यानं थांबलं पाहिजे. माझ्या टोपलीसमोर थांबतात, मग तुझ्यासमोर का नाही?

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी आजी

पिंप्राळा, जळगाव
१७ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,

सविनय जयभीम. वि. वि. दोन दिवस रागावले होते, तिसऱ्या दिवशी जळगावच्या स्टँडवर जाऊन पाहिलं. तिथेही वरची चार बोटंच दिसतात. कॉलेजात चार वर्षं मुखपृष्ठं काढायला शिकले, पण कोणी दोरी दाखवली नव्हती.

सतार काढून टाकली. रावेरला जाऊन झुलालभाऊंचा फोटो काढला. दिवसा केळी पॅक करतात आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. वरातीतला घोडा त्यांच्या सुरावर चालतो म्हणे. अंकात त्यांच्यावरच मोठा लेख आहे. नानांना मात्र मुखपृष्ठावर नऊ मथळे हवेत, म्हणजे प्रत्येक वाचकाला काही तरी सापडेल. दुसरा नमुना पाठवते. तोंडाचा पट्टा जरा आवर, चाचा सगळं लिहितात.

तुझी,
सविता

शिंदखेडा
२१ ऑगस्ट २०२५

चि. सविता हिस,

अ. उ. आ. माणूस छान शोधलास. पण आपला स्टँडवरचा कंट्रोलर पुनाभाऊ चित्र बघून म्हणाला, याची दाढ लवकर काढायला हवी. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, दुसरं काय वाटणार? गाणं त्याच्या पोटात असेल, पण स्टँडवरच्या माणसाला दिसते ती दाढ.

मी शेंगा विकते तेव्हा टोपलीकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघते. आपल्याकडे कोणी बघतंय म्हटल्यावर माणसाला निघून जायला जड जातं. त्याला सांग, वाद्य ओठांजवळ आण पण फुंकू नको, आणि समोर बघ. आता वाजवणार, एवढ्यावर थांबव. डोळे वरच्या चार बोटांत बसव. मासिकाचं नाव खाली जाऊ दे. नाव वाचायला आधी अंक हातात तर यायला हवा. हे ऐकून अमीननं पेन खाली ठेवलं होतं, त्याला शेंगा देऊन परत उचलायला लावलं.

आणि ते नऊ मथळे. आमच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा फलक आहे, एवढा मोठा. सगळे त्याच्यासमोर उभे राहतात आणि पुनाभाऊला विचारतात. एकच ओळ ठेव.

तुझी आजी

पिंप्राळा, जळगाव
५ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,

सविनय जयभीम. वि. वि. तू सांगितलंस तसंच केलं. नाव खाली गेलेलं पाहून नाना म्हणाले, हे म्हणजे नवरदेव वरातीच्या मागे चालवणं झालं. मी हटले नाही. शेवटी त्यांनी तोड काढली: पन्नासच प्रती छापून आधी फक्त अमीनचाचांकडे पाठवायच्या. आठ दिवसांत गेल्या तर हेच मुखपृष्ठ सगळीकडे आणि मी कायम. उरल्या तर मासिक बंद.

तुला हात जोडून सांगते, यात तू काही करू नकोस. कोणाच्या गळ्यात अंक मारू नकोस, शेंगांबरोबर फुकट देऊ नकोस. मुखपृष्ठाला त्याचं काम करू दे. बाबांनी फॉर्म टेबलावर काढून ठेवलाय आणि त्यावर पेनही ठेवलंय.

तुझी,
सविता

शिंदखेडा
१४ सप्टेंबर २०२५

चि. सविता हिस,

अ. उ. आ. पन्नासही गेले. आता तरी ते पेन उचलून ठेव. मी काही केलं नाही. आपल्या जागेवर बसले, आपल्या शेंगा विकल्या, कोणाशी अवाक्षर बोलले नाही. तुझ्या बापाला, मोतीलालला, सांग, पोरगी मास्तरीण झाली असती तरी पोरं चित्रंच बघत बसली असती.

गुडघा बरा आहे. लोभ असू दे, पण मला विचारल्याशिवाय पुढचं चित्र छापू नकोस.

तुझी आजी

ता. क. हे मी, अमीन, माझ्या मनानं लिहितोय, अक्कांना वाचून दाखवणार नाही. अक्का आपणहून कोणाशी बोलल्या नाहीत हे खरं. पण आठही दिवस त्या टोपली मागे सारून, अंक तोंडासमोर उघडा धरून बसल्या होत्या. बरोब्बर वेळानं पान उलटायच्या आणि स्वतःशी हसायच्या. मुखपृष्ठावरचे झुलालभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहायचे. एकानं विचारलं, आजी, काय लिहिलंय एवढं? तर म्हणाल्या, माझं वाचून होऊ दे. तो विकत घेऊनच गाडीत चढला. शेंगा मात्र फार खपल्या नाहीत.

तरी मन खट्टू करू नका. अक्का घरी गेल्यावरही दोंडाईच्याच्या गाडीचे लोक येऊन मागायचे, तो बघणारा द्या म्हणून. आणि दुसरी गोष्ट मला जास्त पटते. तुमचा पहिला काळा नमुना अक्का पाऊण तास उलटा धरून बसल्या होत्या. हा अंक त्यांनी आठ दिवसांत एकदाही उलटा धरला नाही.