बकुळेची तीट

३ फेब्रुवारी ९३
सून कुंदा बदलापूरच्या माहेराहून आली. तीन महिन्यांची माझी नात बकुळा! काय गं बाई रूप, थेट माझ्यावर गेलीय. पण पोरीला तीट नाही! माहेरी वळणच नाही. मीच लावली. आजपासून तीट रोज मीच लावणार.

५ फेब्रुवारी
मुलाने, श्रीपादने, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हणे बारा वर्षं डायबिटीस आहे, तपासायला हवं. पुढचा सिंधी शेठ पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. मी चौथीच शिकले, पण पाठांतर पक्कं. माझी पाळी आली तशी घडाघडा म्हटली. डॉक्टर खूश. तरी म्हणे, आजी, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढू. हातात पिवळं औषध टोचलं, डोळ्यात फटाफट उजेड मारला. संध्याकाळपर्यंत मी हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी.

६ फेब्रुवारी, सकाळ
गोड बंद. अगदी कायमचं.

६ फेब्रुवारी, दुपार
कुंदाचे डिंकाचे लाडू बिघडले तर नाहीत ना, बघायला हवं होतं. दोन बघितले.

१० फेब्रुवारी
फोटो धुऊन आला. काळा गोळा, मध्ये पांढरा ढग. ना नाक, ना तोंड! असला फोटोग्राफर अंबरनाथ पश्चिमेला एक दिवस टिकणार नाही. डॉक्टर म्हणे साखरेने पडद्याच्या मध्यावर सूज आलीय, लेसर करा, नाहीतर समोरचं माणूस दिसणार नाही. अहो, पाटी कोणी वाचली? तुमच्या आजीने?

१४ फेब्रुवारी
आजही पोरीला तीट नाही. कुंदा म्हणते, आई, लावलीय हो. तोंड वर करून खोटं! मी पुन्हा लावली.

१९ फेब्रुवारी
विहीणबाई आल्या. बकुळेला बघून हसतच सुटल्या. पोरीच्या कपाळावर मुंग्यांची रांग कोणी काढली म्हणाल्या. मी म्हटलं, कसली रांग, कपाळ तर कोरं आहे. कुंदाने माझं बोट धरून कपाळावर फिरवलं. ओलं काजळ लागलं. बोटाकडे बघितलं, तर बोटाचं टोकच नाही.
मग सहज बकुळेच्या कानाकडे नजर गेली, तर कपाळावर ठिपके दिसले. चार. सरळ बघितलं की गेले.

रात्री
पाटीचं श्रीपादला सांगून टाकलं. उद्या लेसरला जाऊ म्हटलं. तो रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं.
बकुळा आता हसते म्हणतात. तिच्या कानाकडे बघत बसले होते. हसली.