आजचं जहाज

८ जाने.
अम्मा आज वॉकरशिवाय स्वयंपाकघरापर्यंत गेली. खुब्याचं हाड नीट जुळलं, डॉ. म्हणाले. म्हणजे मी तंजावुरात, माहेरी थांबायचं कारण संपत आलं.
सकाळी अमेरिकेहून ह्यांनी धाडलेला जहाजाचा फोटो. खाली नेहमीचे दोन शब्द, 'आजचं जहाज'. सव्वादोन महिने रोज एक. जेवलीस का, एवढंही नाही.
अम्माला दाखवला. "समुद्र नाही म्हणतेस. मग तळ्यात एवढी बोट घातली कोणी?" म्हटलं, त्या तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. पटलं नाही तिला.

९ जाने.
तिथे फोटो मीच काढायची. हे कामावर गेले की घर खायला उठायचं. कोट, मोज्यांचे दोन जोड, बंदराच्या कालव्यापाशी कठड्याला टेकून उभी. लोहखनिज भरून निघालेलं जहाज पाण्यात खोल बसलेलं, रिकामं परतणारं उंच. तिथला एक म्हातारा रोज कॅमेरा घेऊन यायचा. "थांब. नाक पुलाखाली येऊ दे." चार वर्षांत माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलला. हे शनिवारी यायचे, गाडीतच बसायचे.
माझ्या फोटोंत पाणी उजवीकडे कलतं. गारठलेल्या बोटाने बटण दाबताना कॅमेरा झुकतो. म्हातारा म्हणायचा, "तुझं तळं सांडतंय."

११ जाने.
कुठलं जहाज कुठे आहे ते मोबाइलवर नकाशात दिसतं. सहज बघितलं. काल ज्या जहाजाचा फोटो आला ते चार दिवस झाले दुसऱ्याच बंदरात हिवाळ्यापुरतं बांधून ठेवलंय. फोटो मोठा केला. पाणी उजवीकडे कललेलं.
मग मागचे सगळे उघडले. सगळे माझेच. तिकडच्या घरी कॉम्प्युटरवर मीच ठेवून आले होते ते.
हे एकदाही गेले नाहीत.

१२ जाने.
राग यायला हवा होता. रोज शेकडो फोटोंतून एक निवडायचा, तेवढा वेळ तरी माझ्यापाशी... की हाताला लागेल तो धाडायचा? कळत नाही.
"काय लिहितेस गं रोज?" अम्मा म्हणाली. घरी बोलतो मराठी, पण ती वाचते तमिळ, देवनागरी नाही. वही उघडीच ठेवली.

१५ जाने.
पोंगल. दूध उतू गेलं, शकुन झाला म्हणून अम्मा खूश. शेजारच्या मामी ऊस घेऊन आल्या. "अजून इथेच? नवरा तिकडे एकटा ना?" अम्माने त्यांच्या हातावर वडा ठेवला. वडा खाताना बोलता येत नाही.
तिकडे आता एका तळ्यातून दुसऱ्यात जहाजं सोडायची दारं हिवाळ्यापुरती बंद. मार्च संपेपर्यंत जहाजं नाहीत. तरी फोटो आला, 'आजचं जहाज'. मागे झाडं हिरवीगार. हिवाळ्यातले चांगले संपले असतील.

१६ जाने.
फोन केला. विचारलं, तळ्यावर जाता का?
 "नाही गं. फोटो तुझेच आहेत."
"का?"
"काय लिहावं सुचत नाही. फोटो धाडला की तू 'छान' म्हणतेस."
खरंय. सव्वादोन महिने मीही 'छान'शिवाय काही लिहिलं नाही.
"अम्मा बरी आहे ना आता? तिकीट काढू?"
 म्हटलं, आधी एकदा तळ्यावर जाऊन या.
"आता तर जहाजं नसतात. बघू काय?"
"असेल ते. मग मला सांगा. फोटो नको."

१८ जाने.
काल काही आलं नाही. आजही नाही. तिकडे रात्रीचे आठ वाजले असतील.
अम्मा दारच्या ओट्यावर, थिण्णैवर बसून अवरक्कायच्या शेंगा मोडतेय, मी शेजारी.
"आज बोट आली नाही?"
म्हटलं, मीच नको म्हणून सांगितलंय.
"मग फोन का धरून बसलीस? शेंगा घे."
घेतल्या. फोन मांडीवर आहे.