स्पीकरवरचा फोन

बेहाला, कोलकाता

ती. सुधाकरकाका,

अकोल्यात तुमच्या टेलरिंगच्या दुकानात माझा फोन रोज स्पीकरवर लागतो. "बोला मॅडम, सगळे ऐकताहेत!" तुम्ही म्हणता. मागून कुणीतरी विचारतं, "पोरी, बढती कधी?"

काल मी "मिळाली" म्हणाले. तुम्ही लगेच पेढे मागवलेत. काका, माझी नोकरी जाऊन महिना झाला. खोटं निभावून थकले मी. मला घरी यायचंय.

हे पत्र पाठवलं, तर तेही तुम्ही दुकानात मोठ्याने वाचाल. शाळेत जाण्याआधी तिथेच तुम्ही मला वाचायला शिकवलंत. "मोठ्याने वाच, गल्लीला ऐकू जाऊ दे," म्हणायचात. म्हणून पाठवत नाही. आज फोन लागला की आधी एवढंच म्हणेन, "काका, स्पीकर बंद करा."

तुमची,
नूपुर